अर्धा क्लच

आमच्या घरातून पहिल्यांदा कॉलेजात गेले ती मी, आणि आमच्या घरात पहिली क्लच प्लेट जाळली तीही मीच. पहिल्या गोष्टीबद्दल घरच्यांनी गावात पेढे वाटले. दुसरीबद्दल गावाला काय वाटले, ते पुढे येईलच.

वार्षिकासाठी लेख मागितले गेले तेव्हा माझ्या मैत्रिणींनी पाऊस, आई आणि मैत्री हे तिन्ही विषय आधीच उचलले होते. माझ्याकडे क्लच उरला. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमचे गाव सेलू तालुक्यात, बोरच्या जंगलाच्या अंगाला. बोर १९७० साली अभयारण्य झाले आणि २०१४ साली व्याघ्र प्रकल्प. देशातल्या व्याघ्र प्रकल्पांत तो सर्वांत लहान म्हणतात; वाघाला मात्र हे कोणी सांगितलेले दिसत नाही. या जंगलामुळे आमच्या भागात शेतीखेरीज एक नवा धंदा आला, तो म्हणजे जिप्सीचा. काका सातवीपर्यंत शिकलेले. आधी ते ट्रॅक्टरवर होते, मग दुसऱ्याच्या जिप्सीवर ड्रायव्हर झाले आणि शेवटी कर्ज काढून त्यांनी स्वतःची जुनी जिप्सी घेतली. पर्यटकांना पहाटे जंगलात न्यायचे, उन्हे चढली की परत आणायचे, दुपारी पुन्हा न्यायचे. पावसाळ्यात सफारी बंद. तेव्हा गाडी घरी उभी राहते, आणि हप्ता मात्र उभा राहत नाही.

जिप्सी म्हणजे मारुतीची ती उंच, चौकोनी, उघडी गाडी. १९८५ साली ती बाजारात आली, लष्करातही पुष्कळ वापरली गेली. आता कारखान्यातून निघत नाही, म्हणून जुन्याच गाड्या या हातातून त्या हातात फिरतात. आमच्याकडे जुनी जिप्सी विकणारा जो तो ती पुलगावच्या मिलिटरी डेपोतली असल्याचे शपथेवर सांगतो. आमचीही अर्थातच तिथलीच होती!

या गाडीत गिअरच्या दांड्याजवळ आणखी एक आखूड दांडा असतो. साध्या मोटारीत तो नसतो. तो एका जागी असला की इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना जातो. दुसऱ्या जागी नेला की चारही चाकांना जातो. आणि तिसरी जागा अशी की चारही चाके चालतात, पण वेग बराच कमी होतो आणि जोर तितकाच वाढतो. ड्रायव्हर लोक या जागांना टू-एच, फोर-एच आणि फोर-एल म्हणतात. मला ही नावे पाठ व्हायला एक मिनिट लागले. अर्थ कळायला एक क्लच प्लेट लागली.

काकांचा मुलगा तेव्हा पाचवीत होता. त्यामुळे गाडी शिकायची तर मीच, असे काकांनी ठरवले. "शिकून घे पोरी. उद्या गाइड झाली तरी कामी येईन," ते म्हणाले. बाबा 'हो' म्हणाले नाहीत आणि 'नाही'ही म्हणाले नाहीत. बैलांपुढे कडबा टाकत राहिले. आमच्या घरी याचा अर्थ 'हो' असा होतो. अठरा पूर्ण झाल्यावर मी शिकाऊ परवाना काढला आणि वर्ध्याला पंधरा दिवस एका छोट्या मोटारीवर शिकले. तिथे एकच मंत्र होता : क्लच अर्ध्यावर आणा, थोडी रेस द्या, हळूहळू सोडा. सपाट डांबरी रस्त्यावर, हलक्या मोटारीत, हा मंत्र चालतो. मी तो वहीत लिहून घेतला. पुस्तकातले पाठ करून परीक्षेत उतरवायची आम्हाला सवय. गाडीही त्याच रीतीने चालेल असे मला वाटले.

२०२४च्या पोळ्याला पंधरा-वीस दिवस होऊन गेले होते. काका तापाने पडलेले. शेतात कपाशीला द्यायची खताची सहा पोती घरी येऊन पडलेली, आणि वरून पाऊस उघडलेला. "मी नेते," असे मी म्हटले. काकांनी डोळे न उघडताच किल्ली उशीखालून काढून दिली. काकांचा मुलगा शेजारी येऊन बसला.

आमच्या पांधणीत मधे एक नाला लागतो. तळाला गोटे, पाणी पोटरीएवढे आणि पलीकडे मुरमाची चढण. नाल्यात उतरण्याआधी मी गाडी थांबवून तो आखूड दांडा फोर-एचला टाकला. खरे सांगायचे तर गरजेपेक्षा ऐट जास्त होती. पाण्यातून गाडी गेली, चढणीच्या पायथ्याशी आली आणि समोरून येणाऱ्या शेळ्यांसाठी मला थांबावे लागले. शेळ्या गेल्या. आता उभ्या चढणीवर, पोत्यांचे ओझे घेऊन, गाडी जागची हलवायची होती.

मी मंत्र म्हटला. क्लच अर्ध्यावर आणला, रेस दिली. गाडी हलली नाही, थरथरली. मी आणखी रेस दिली आणि क्लच तिथेच धरून ठेवला, कारण सोडला तर इंजिन बंद पडेल ही भीती. गाडी वीतभर चढली, थांबली, पुन्हा वीतभर. इंजिन नुसते ओरडत होते. मला वाटले, ओरडते आहे म्हणजे जोर लावते आहे.

"ताई, धूर!"

धुराआधी वास आला होता. जुनी चप्पल आणि केस एकदम चुलीत टाकावेत तसा तो वास. मी त्याला नाल्याचा वास समजले होते. घाबरून मी क्लच पूर्ण सोडला. इंजिन बंदही पडले नाही. ते मोकळे, आनंदाने गरगरत राहिले आणि गाडी मात्र हळूच मागे मागे येत नाल्यात जाऊन उभी राहिली. मी गिअर बदलून पाहिले, दांडा बदलून पाहिला. इंजिन आणि चाके यांचे नाते संपले होते.

बाबा बैल घेऊन आले. आमची बैलजोडी अस्सल गवळाऊ नाही, पण अंगात ते रक्त आहे. गवळाऊ ही आमच्या वर्धा जिल्ह्याकडची जात. पांढरी, उंच, चालीला चपळ. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला या जातीसाठी सरकारी पैदास केंद्रसुद्धा आहे. पोती उतरवली, गाडी न्यूट्रल केली, पुढे दोर बांधला. नाल्याच्या काठावर तोवर पंधरा-वीस माणसे जमली होती. बैलांनी ओढलेली मोटार आमच्या जिल्ह्याला तशी नवी नाही. गांधीजी १९३६ साली सेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्या काळात जमनालाल बजाजांच्या फोर्ड मोटारीला बैल जुंपत आणि तिला गमतीने 'ऑक्सफर्ड' म्हणत, अशी गोष्ट आमच्याकडे सांगतात. ऑक्स म्हणजे बैल आणि पुढे फोर्ड. पण हा विनोद मला नंतर आठवला. त्या वेळी मी खाली मान घालून स्टेअरिंगला धरून बसले होते आणि काठावरून कोणीतरी म्हणत होते, "पोरीच्या हाती गाडी देल्ल्यावर असंच व्हते."

बाबांनी तुतारी उचलली नाही. त्यांनी बैलांना दोन पावले पुढे घेतले, दोर ताणला आणि तिथेच थांबवले. बैलांनी माना खाली घातल्या. जू खांद्यावर बसले. गाडी तसूभरही हलली नव्हती. क्षणभर सगळे असेच उभे. मग बाबांनी घशातून 'हूं' असा एक आवाज काढला आणि गाडी नाल्यातून वर आली, एकही हिसका न बसता. हे मी पाहिले, पण त्यात पाहण्यासारखे काही आहे हे मला त्या दिवशी कळले नाही.

काका रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते खाटेवर उठून बसले आणि काकूला म्हणाले, "तारीख काय आज?" काकूने वीस सांगितली. एक ऑक्टोबरला सीझन सुरू होणार होता. मग दोघेही काही बोलले नाहीत.

गाडी सेलूला मिस्त्रीकडे ओढून नेली. मी कॉलेज बुडवून दिवसभर तिथे बसले. गिअरबॉक्स उतरल्यावर मिस्त्रींनी आतून एक तबकडी काढली आणि माझ्यापुढे धरली. "हे पाय, बाई."

मी माझ्या पायाकडे पाहिले. वऱ्हाडीत 'पाय' म्हणजे पाहा हे मला काय ठाऊक नाही? पण त्या दिवशी अपराधच पायाचा होता.

क्लच प्लेट ही जेवणाच्या ताटलीहून थोडी लहान, मधे दाते असलेली तबकडी असते. दोन्ही बाजूंना खरखरीत अस्तर असते, रिव्हेटांनी ठोकलेले. इंजिनाबरोबर फिरणारे जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, एका बाजूला. स्प्रिंगच्या जोराने दाबणारी प्रेशर प्लेट दुसऱ्या बाजूला. मधे ही बिचारी. पाय उचललेला असला की दोघे तिला घट्ट धरतात आणि इंजिनाचा जोर चाकांकडे जातो. पाय दाबला की दोघे तिला सोडतात. आणि पाय अर्धा असला की ते तिला धरतही नाहीत, सोडतही नाहीत, घासतात. माझ्या प्लेटवर अस्तर नव्हतेच, रिव्हेट चकाकत होते. फ्लायव्हीलवर निळे निळे डाग पडले होते. लोखंड तापून निळे पडते हे मी दहावीला वाचले होते की नाही, आठवत नाही. आता विसरणार नाही.

"पण मी तर चारही चाकांवर घेतली होती. मग जोर वाढायला पाहिजे होता," मी म्हटले.

मिस्त्री हसले. त्यांनी आपले काळे तळवे एकमेकांवर घासून दाखवले. त्यांचे म्हणणे मी माझ्या शब्दांत सांगते, कारण सगळ्या प्रकरणातली कळीची गोष्ट तीच आहे. इंजिन मोठ्याने फिरते आहे आणि गाडी उभी आहे, तेव्हा या दोहोंमध्ये कुठेतरी काहीतरी घसरलेच पाहिजे. जोर दोनच चाकांवर असता तर चढणीवरच्या ओल्या मुरमावर मागची चाके गरगर फिरली असती. गाडी अडकली असती, टायर घासले असते, चिखल उडाला असता, पण प्लेट वाचली असती. मी चारही चाकांना जोर दिला. चारही चाकांनी जमीन घट्ट धरली. आता चाके घसरेनात. मग घसरायला जागा उरली एकच, ती म्हणजे ही तबकडी. गाडीची पकड जितकी चांगली, तितका कच्च्या पायाचा मार प्लेटवर जास्त. फोर-एचमध्ये चाके चार झाली, पण गिअर तोच राहिला; जोर वाढवणारी जागा त्याच्या पुढची होती, आणि तिथपर्यंत माझा हात गेलाच नाही.

"चाक घसरलं तं चिखल उडते, बाई," मिस्त्री म्हणाले, "अन् प्लेट घसरली तं पैसा उडते."

तो किती उडाला तेही सांगते. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी मिळून ६८०० रुपये. अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत दिवाळीच्या सुट्टीत आणि रविवारी मी कापूस वेचायला जात होते. किलोला कधी आठ, कधी दहा रुपये मिळत. दहाने धरले तरी ६८० किलो कापूस. माझा हात दिवसाला पस्तीस किलोच्या पुढे जात नाही, म्हणजे एकोणीस-वीस दिवसांची वेचणी. हे पैसे मी वर्ध्याला खोली घेऊन राहण्यासाठी साठवले होते. गावाहून कॉलेजला येणाऱ्यांना ठाऊक आहे की संध्याकाळची एसटी गाठायची तर शेवटचे तास सोडावे लागतात, ग्रंथालय बंद होईपर्यंत बसणे तर स्वप्नातच. मी तो डबा काकांपुढे ठेवला. काका 'नको' म्हणाले. काकूने उचलून ठेवला. मला काकूचेच बरोबर वाटले आणि आजही वाटते. मी अजून एसटीनेच येते.

गाडी वेळेत तयार झाली, सीझनही सुरू झाला. मी मात्र दोन महिने किल्लीला हात लावला नाही. कोणी विचारले तर अभ्यास आहे म्हणायची. याच दिवसांत एसटीत बसून मोबाइलवर मी या विषयाचे काहीबाही वाचू लागले, आणि मला एक बाई भेटली. १९८० साली ऑडी कंपनीने क्वात्रो नावाची मोटार काढली. तिची चारही चाके कायमची जोरात असत, दांडा ओढायचे कामच नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमध्ये एक जादा डिफरन्शियल असल्यामुळे ती डांबरावरही सुखाने वळे. आमच्या जिप्सीत ते नसते. म्हणून कोरड्या डांबरावर फोर-एच लावून वळलो की पुढची आणि मागची चाके आपसात भांडतात आणि गाडी जडावते. तर ही क्वात्रो घेऊन मिशेल मूतों नावाच्या फ्रेंच बाईने १९८१ साली इटलीतली सान रेमोची रॅली जिंकली. जागतिक रॅली स्पर्धेची फेरी जिंकणारी ती पहिली बाई. पुढच्या वर्षी तिने आणखी तीन फेऱ्या जिंकल्या आणि एकूण क्रमवारीत दुसरी आली. रॅलीत प्रत्येक टप्प्याला उभ्या गाडीपासून सुरुवात करायची असते. म्हणजे माझी जी अडचण नाल्यात झाली, ती तिची रोजचीच. तिने किती प्लेटा जाळल्या असतील, आणि काठावरून कोण काय म्हणाले असेल, हा विचार करून मला उगीच बरे वाटले.

डिसेंबरात एका सोमवारी काकांना फेरी नव्हती. तूर उभी होती, सोयाबीनचे शेत रिकामे पडले होते. काकांनी मला तिथे नेले आणि म्हणाले, "रेसवर पायच ठेवू नको. चप्पल काढून बस."

आखूड दांडा फोर-एलला, गिअर पहिला, उजवा पाय मांडीखाली घ्यावा तसा बाजूला. फक्त डावा पाय. क्लच पूर्ण दाबायचा आणि नुसता सोडत यायचा. माझी खात्री होती की इंजिन बंद पडणार. पेडल वर येत येत एका जागी आले आणि तळपायाला काहीतरी जाणवले. आवाज किंचित खाली बसला, गाडीचे नाक सुतभर उचलले. "सोड!" काका ओरडले. मी सोडला. रेसशिवाय, नुसत्या इंजिनाच्या चालीवर, जिप्सी ढेकळांतून गोगलगायीसारखी चालू लागली. बंद पडली नाही! मला हसू आले आणि मग, का कोण जाणे, रडूही आले.

असे त्या दिवशी मी चाळीस-पन्नास वेळा केले. मग थोडी रेस, आवाज बदलेल न बदलेल इतकीच. मग धुऱ्याच्या चढावर : हँडब्रेक ओढून गाडी धरायची, क्लच त्या जागेपर्यंत आणायचा, नाक उचलले की हँडब्रेक सोडायचा आणि पाय पूर्ण काढायचा. गाडी मागे येऊ नये म्हणून क्लचवर तोलून धरायची नाही. ते काम ब्रेकचे. काकांनी दोन गोष्टी बजावल्या. इंजिन बंद पडले तर पडू द्यायचे, किल्ली फिरवायला पैसे पडत नाहीत. आणि एकदा गाडी निघाली की डावा पाय पेडलच्या शेजारी जमिनीवर, नुसता टेकवूनसुद्धा ठेवायचा नाही. पहिली गोष्ट मला जड गेली. भर चौकात इंजिन बंद पडणे म्हणजे नापास होण्यासारखे वाटते, आणि मागची माणसे हॉर्न वाजवून निकाल जाहीर करतात.

काळ्या मातीचे शास्त्र वेगळे. आमची भारी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि ओली असताना चाकाला अशी लपेटते की टायरचे खाचे भरून त्याचा नुसता गुळगुळीत गोळा होतो. तिथे चाके थोडी घसरू द्यावी लागतात, नाहीतर सगळा भार पुन्हा प्लेटवर. गाऱ्यात शिरण्याआधीच दांडा आणि गिअर ठरवायचे, मधे थांबायचे नाही, आणि रुतलीच तर रेस न वाढवता उतरून चाकाखाली पऱ्हाटीच्या काड्या घालायच्या. हे शिकताना मी दोनदा रुतले. एकदा काड्यांनी निघाले, एकदा पुन्हा बैलांनी.

त्या दुसऱ्या वेळी मी बाबांकडे नीट पाहिले. तेच : दोर ताणला, बैल थांबवले, जू खांद्यावर बसू दिले, मग 'हूं'. घरी येताना मी विचारले, "बाबा, मधे थांबता कशाले?"

बाबांना या प्रश्नाचेच नवल वाटले. "हिसका देल्ला तं शिवळ तुटन, नाई तं बैलाचा खांदा सोलन. पयले त्याले वज्जन कळू दे. कळलं का मंग तोच ओढते. आपण मधात राहू नाई." थोड्या वेळाने म्हणाले, "तुह्या गाडीचं मले काय समजते, माय? पण त्या दिवशी तू मधातच उभी होती."

बाबांची ही उपमा मी मिस्त्रींना सांगितली तेव्हा त्यांनी मान डोलावली, पण ती पूर्ण लागू पडते असे मला वाटत नाही. बैल थकला तर थांबतो, मान टाकतो, धन्याकडे पाहतो. प्लेट काहीच सांगत नाही. वास येतो तेव्हा सांगण्यासारखे उरलेले नसते. शिवाय बाबांना बैलाच्या खांद्याची काळजी वाटते ती तो विकत घ्यावा लागतो म्हणून नव्हे. क्लच प्लेटबद्दल मला तसे प्रेम कधी वाटेलसे दिसत नाही. असो.

यंदा, म्हणजे २०२५ साली, मला पक्का परवाना मिळाला. जुलैत सफारी बंद झाली आणि जिप्सी पुन्हा घरच्या कामाला आली. एका सकाळी खताची पोती न्यायची होती, या खेपेला आठ. बैलांचा एक खूर दुखावला होता, म्हणून बाबा बंडी जुंपू शकत नव्हते. ते अंगणात उभे राहून आभाळ पाहत होते. मी गाडी काढली. बाबा काही न बोलता आले आणि शेजारी बसले. माझ्या गाडीत ते पहिल्यांदाच बसत होते. चपला त्यांनी बाहेर काढून हातात घेतल्या होत्या, देवळात जाताना घ्याव्यात तशा.

पाऊस बारीक लागला होता. नाल्याच्या अलीकडे मी थांबले, दांडा फोर-एलला टाकला, पहिल्या गिअरमध्ये पाण्यातून गेले. चढणीच्या पायथ्याशी शेळ्या नव्हत्या, पण पलीकडून एक सायकलवाला उतरत होता, म्हणून थांबले. तीच जागा. हँडब्रेक ओढला. सायकल गेली. बाबांनी समोरची लोखंडी दांडी दोन्ही हातांनी धरली.

मी पेडल सोडत आणले. ती जागा आली, आवाज खाली बसला, नाक सुतभर उचलले. मी हँडब्रेक सोडला, आणि नेमक्या त्याच क्षणी शेजारून, घशातून, अगदी हळू आवाज आला : "हूं."

चढण संपेपर्यंत आम्ही दोघेही बोललो नाही. वर आल्यावर बाबांनी वाकून माझ्या पायाकडे पाहिले.

"काढला का?"

"काढला."